ह्यूई लाँगला 'लोकानुनयी' म्हणावं का?

अनुवादिका: दिवाळी अंकासाठी ह्यूई लाँगवरचा एक लेख मराठीत आणतेय. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा १९२८ पासूनचा गव्हर्नर, मग सिनेटर. सप्टेंबर १९३५ मध्ये बॅटन रूजच्या विधानभवनातच त्याला गोळी लागली, दोन दिवसांनी तो गेला. मूळ लेखात पानोपानी 'पॉप्युलिस्ट' आहे. मी 'लोकानुनयी' लिहीत गेले आणि एका वाक्यावर अडले: लाँग जन्मला तो विन परगणा पॉप्युलिस्ट पक्षाचा बालेकिल्ला होता. आता 'लोकानुनयी पक्ष' लिहू? असं नाव कुठला पक्ष लावून घेईल?

वऱ्हाडी: ताई, त्या पक्षाचं नाव पीपल्स पार्टी. १८९२ साली ओमाहात जाहीरनामा काढला: रेल्वे सरकारच्या मालकीची करा, जास्त कमावणाऱ्यावर जास्त कर लावा. गहू-कापूस पिकवणारे, कर्जात रुतलेले शेतकरी होते ते. 'पॉप्युलिस्ट' हे नाव त्यांनी अभिमानाने मिरवलं. सरळ 'लोकवादी' लिहा. वर्तमानपत्रांनी 'लोकानुनयी'ची शिवी केली आहे. ती त्या शेतकऱ्यांना कशाला?

शुद्धिपत्र: 'लोकवादी' हा ओढूनताणून केलेला शब्द, वाचकाला आधी लोकहितवादी आठवतील. 'लोकानुनयी' रुळलाय आणि लाँगला तो शोभतोही. सरकारी नोकरांच्या पगारातून आपल्या राजकारणासाठी पैसे कापणारा, विधिमंडळ मुठीत ठेवणारा माणूस होता तो. त्याला 'लोकवादी' हे प्रशस्तिपत्र कशासाठी?

वऱ्हाडी: मग त्याला हुकूमशहा म्हणा, माझी हरकत नाही. पण अनुनय म्हणजे मनधरणी. लाँगने कुणाची मनधरणी केली? १९२९ मध्ये महाभियोग आला तेव्हा १५ सिनेटरांकडून त्याने आधीच लिहून घेतलं की पुरावा काहीही येवो, आम्ही दोषी ठरवणार नाही. तोच म्हणायचा, पूर्वी मी 'प्लीज' म्हणून कामं करून बघितली, जमलं नाही, आता सुरुंग लावतो. हा अनुनय?

कुंतल: विरोधकांची नसेल, मतदारांची तर केलीच ना? शाळकरी पोरांना फुकट पुस्तकं दिली. पक्के रस्ते जेमतेम तीनशे-साडेतीनशे मैल होते, ते काही वर्षांत दोन हजारांवर नेले.

वऱ्हाडी: ज्या पोराला पुस्तक मिळालं त्याच्या आईला विचारा, ही मनधरणी की तिचा हक्क. गरिबाला काही दिलं की अनुनय आणि कारखानदाराला दिलं की विकास, हा आपल्या मराठी वर्तमानपत्रांचा कोश मला मान्य नाही.

निवृत्त मास्तर: 'लोकरंजनवादी' घ्या. 'राजा प्रकृतिरञ्जनात्', प्रजेला रंजवतो तो राजा. आणि लाँगची घोषणाच होती, 'प्रत्येक माणूस राजा, मुकुट मात्र कुणाच्याच डोक्यावर नाही'. किती नेमकं जुळतं!

शुद्धिपत्र: मास्तर, राजा 'राज्' धातूवरून आला, रंजनाशी नातं कवींनी जोडलं. आज 'रंजन' म्हटलं की करमणूक.

कुंतल: ती तर तो करायचाच. रेडिओवर भाषणाआधी सांगायचा, मी इतक्यात महत्त्वाचं काही बोलत नाही, तेवढ्यात पाच मित्रांना फोन करून ऐकायला बसवा!

अनुवादिका: पक्षापुरतं 'जनता पक्ष' चालेल?

शुद्धिपत्र: १९७७ आठवेल. आणि 'परगणा' काढा, तो महसुली शब्द. 'जिल्हा' लिहा.

निवृत्त मास्तर: मूळ शब्द 'पॅरिश', तिकडे चर्चच्या हद्दीवरून पडलेलं नाव आहे, 'जिल्ह्या'त ते हरवतं.

म्हापसेकर: त्याचं टोपणनाव काय केलंत? 'किंगफिश' होतं ना? आमच्याकडे हॉटेलात किंगफिश मागितला की इसवणाची तुकडी येते. 'इसवण' लिहू नका म्हणजे झालं.

कुंतल: रेडिओच्या एका मालिकेतल्या कावेबाज मंडळ-अध्यक्षाचं नाव ते. लाँगने स्वतःच उचललं. 'बडा मासा' केलं तर?

वऱ्हाडी: 'बडा मासा' म्हटलं की धाडीत सापडलेला अधिकारी डोळ्यांपुढे येतो. 'किंगफिश'च ठेवा.

म्हापसेकर: आणि मुंबईत सुरमई म्हणतात तीच ही. आमच्या घरात मात्र 'विस्वण'.

शुद्धिपत्र: 'इसवण' की 'विस्वण'? मूळ रूप कुठलं?