स्पॅनिश शिकता शिकता परदेशी मुलांमध्ये स्वयंसेवा: योग्य की अयोग्य?

चर्चाप्रस्ताव: चैत्रपालवी

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशातले अंतिग्वा शहर म्हणजे स्पॅनिश शिकणाऱ्यांची पंढरीच. सकाळी चार तास एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक, राहणे-जेवणे स्थानिक कुटुंबात आणि दुपारी आसपासच्या खेड्यांतील मुलांसोबत स्वयंसेवा, असा तिथला रुळलेला क्रम आहे. गेल्या वर्षी मीही सहा आठवडे तशीच राहिले. गृहपाठवर्गात पहिल्याच दिवशी सातेक वर्षांची एक मुलगी शेजारी येऊन बसली, माझ्या हातातली पेन्सिल तिने काढून घेतली आणि नावही न विचारता म्हणाली, "क्वांदो ते वास?" म्हणजे, तू कधी जाणार? दर दोन-तीन आठवड्यांनी नवा चेहरा पाहणाऱ्या मुलीला माझ्याविषयी जाणून घ्यावेसे वाटले ते एवढेच, आणि तो प्रश्न आजही माझा पिच्छा सोडत नाही.

तिच्या घरी काकचिकेल ही तिथल्या मूळच्या माया लोकांची भाषा बोलतात, म्हणजे शाळेतली स्पॅनिश तिलाही शिकूनच घ्यावी लागते. क्रियापदाची रूपे अडखळत जुळवणाऱ्या माझ्यासारखीने तिला काय शिकवावे? म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ज्यांना तीन महिनेही राहणे शक्य नाही, त्यांनी भाषेच्या सरावासाठी मुलांमध्ये जाऊ नये.

प्रतिसाद: मध्यान्ह

मी असहमत आहे. ग्वातेमालातल्याच केत्साल्तेनांगो शहरात, ज्याला तिथले लोक शेला म्हणतात, मी पाच आठवडे अशाच वर्गात जात होतो. तीसेक मुले आणि एकच शिक्षिका, अशी तिथली स्थिती होती. हातचा घेऊन बेरीज शिकवायला व्याकरण पक्के असावे लागत नाही. शेजारी धीराने बसणारा माणूस लागतो. त्या शिक्षिकेचा पगार आमच्या शिकवणीच्या शुल्कातूनच निघत असे, ही गोष्ट आपण सोडून देता कामा नये.

दुसरे असे की, मी एकदा "एल मानो" म्हणालो, तेव्हा एका मुलाने स्वतःचा तळहात माझ्यासमोर धरून "ला मानो!" असे तीनदा म्हणवून घेतले. 'मानो' म्हणजे हात; हा शब्द ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याच्या आधी पुल्लिंगी 'एल' नव्हे, स्त्रीलिंगी 'ला' येते, हे मी जन्मात विसरणार नाही. पण महत्त्वाचे ते नव्हे. ज्या मुलाची स्पॅनिश वर्गात सतत दुरुस्त केली जात होती, त्याला त्या दिवशी एका मोठ्या माणसाची चूक सुधारता आली आणि पुढचा आठवडाभर तो सर्वांत आधी वर्गात येत होता.

प्रतिसाद: ओटीवरची समई

मी पुण्यातील एका बालगृहात अकरा वर्षे काळजीवाहक होते, त्यामुळे मला या प्रश्नाची दुसरी बाजू ठाऊक आहे. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे, तासभर मुलांना मांडीवर घेणारे आणि छायाचित्रे काढून निघून जाणारे पाहुणे मी शेकड्यांनी पाहिले. रात्री न झोपणारी मुले मात्र आमच्या वाट्याला येत. गृहपाठवर्गातील मूल संध्याकाळी आईकडे जाते, अनाथालयातील मुलाला तो आधार नसतो. म्हणून या दोन्ही ठिकाणांना एकाच मापाने मोजू नये.

ग्वातेमालाच्या बाबतीत तर हा भेद अधिकच महत्त्वाचा आहे. तिथून हजारो मुले परदेशात दत्तक जात होती आणि त्यात खोटी कागदपत्रे व पैशांचे व्यवहार उघड झाल्यावर 2007च्या अखेरीस नवा कायदा होऊन ते बंद झाले. अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे, पर्यटनाच्या निमित्ताने होणाऱ्या स्वयंसेवेमुळेही, मुलांची हानी होते, ती रोखावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही 2019च्या ठरावात म्हटले आहे. पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालू लागली की, आईबाप हयात असलेली मुलेही तिथे आणून ठेवली जातात.

प्रतिसाद: मध्यान्ह

अनाथालयाविषयी समईताईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु तीन महिन्यांची अट घातली तर नोकरदार माणूस जाणारच नाही आणि त्या तीस मुलांपुढे ती एकटी शिक्षिका उरेल.

प्रतिसाद: चैत्रपालवी

बेरजेचा मुद्दा मी स्वीकारते. मात्र शिकवणीच्या शुल्कातून पगार निघत असेल, तर तो मी मुलांजवळ न बसताही निघू शकतो. शिवाय माझ्याकडून पारपत्राची प्रत आणि शुल्क एवढेच घेतले गेले; पोलिसांचा दाखला कोणी मागितला नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असा कोणी परका दुपारभर पहिलीच्या मुलांसोबत बसलेला आपल्याला चालेल का?

पुन्हा गेले तर दुपारी सान अंतोनियो आग्वास कालियेन्तेस या गावी जाण्याचा माझा विचार आहे. तिथे बायका कमरेला पट्टा बांधून हातमागावर विणतात. विणकाम शिकण्याचे पैसे त्यांना द्यायचे आणि विणताना बोलायचे. वर्गासाठी काही करायचेच असेल, तर वह्या आखणे, पुस्तकांना कव्हरे घालणे ही कामेही असतात, आणि ती शिक्षिकेच्या शेजारी बसून करता येतात. मध्यान्ह, तुमच्या त्या शिक्षिकेला मुलांजवळ बसणे की अशी कामे, यांपैकी कोणती मदत हवी होती, हे कधी विचारले होते का?