मदत हवी आहे: दशकातले सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल, यादी लावायची कशी?

नमस्कार मंडळी,

फुटबॉलमध्ये एका दशकात देशाकडून सर्वाधिक गोल कोणी केले, याची क्रमवारी लावायला घेतली आहे. एक्सेलमध्ये रकाने पाडले, नावं भरली, पण नेटवरच्या दोन याद्या काही एकमेकींशी जुळत नाहीत. रोनाल्डो पहिला, यावर वाद नाही. त्याच्या खाली मात्र सगळा सावळागोंधळ.

एका यादीत मेस्सी आणि पोलंडच्या लेवांडोव्स्कीचे आकडे इतके फुगलेत की तेवढे गोल त्यांनी देशाच्या जर्सीत केलेलेच नाहीत. दशक 2010 पासून धरायचं की 2011 पासून, हेही ठरत नाहीये. ऑलिंपिकचे गोल घ्यायचे का? आणि लिंबूटिंबू संघांना धुऊन केलेल्या गोलांचं काय करायचं? जाणकारांनी कृपया सांगा. ‘मेस्सी की रोनाल्डो’ हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

डावखुरा_विंगर:
फुगलेली यादी बहुतेक आयएफएफएचएसची (फुटबॉलचा इतिहास आणि आकडेवारी ठेवणारी संस्था) असणार. त्यांच्या ‘आंतरराष्ट्रीय गोलस्कोअरर’च्या हिशेबात राष्ट्रीय संघाचे गोल अधिक क्लबसाठी खंडीय स्पर्धांत केलेले गोल, अशी बेरीज असते. म्हणजे युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीगही आली. रोनाल्डोने 2013-14 च्या एका मोसमात तिथे 17 गोल ठोकले होते, ते त्यात जमा. तुम्हाला फक्त देशाचे हवेत ना? मग ती यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक खेळाडूची वर्षवार बेरीज स्वतः करा. कटकट आहे, पण दुसरा उपाय नाही.

आकडेमोड:
दशकाचं म्हणाल तर गंमत बघा. रोनाल्डोचे 2009 अखेर 22 गोल होते आणि 2019 अखेर 99, म्हणजे 77. आता 2011 ते 2020 धरा: 25 वरून 102. पुन्हा 77च! 2010 मध्ये 3 आणि 2020 मध्येही 3, त्यामुळे त्याला काही फरक पडत नाही. मेस्सी 57 वरून 56 वर येतो. नेमार 61 वरून 63 वर जातो, कारण ऑक्टोबर 2020 मध्ये पेरूविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. बेल्जियमचा लुकाकू 52 वरून 55 वर, म्हणजे मेस्सीच्या अगदी पाठीला लागलेला.

खरा फरक दुसरीकडे आहे. 2010 पासून धरलंत तर तीन वर्ल्ड कप मिळतात, 2011 पासून धरलंत तर दोनच. म्युलर, व्हिया, फोर्लान, स्नायडर यांचे 2010 च्या वर्ल्ड कपमधले प्रत्येकी पाच गोल सरळ बाहेर. शिवाय 2020 साली कोरोनामुळे अनेक संघ फारसे खेळलेच नाहीत. भारताचा तर एकही सामना झाला नाही, छेत्री 2019 अखेर 72 वर होता तो वर्षभर तिथेच. माझं मत 2010 ते 2019.

डावखुरा_विंगर:
ऑलिंपिक घेऊ नका. पुरुषांचा तो 23 वर्षांखालील संघ असतो (तीन मोठे खेळाडू चालतात), फिफा त्या सामन्यांना सीनियर आंतरराष्ट्रीय धरत नाही. 2016 च्या अंतिम सामन्यात नेमारने जर्मनीविरुद्ध मारलेली फ्री किक आठवते? त्या गोलाने ब्राझील पुढे गेलं, रिओच्या माराकाना मैदानावरचा तो सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची निर्णायक पेनल्टीही त्यानेच मारली. वरच्या 61 मध्ये यातलं काहीच नाही. शूटआउटचे गोल तर कुठल्याच सामन्यात धरत नाहीत, ते चुकून मिसळू देऊ नका.

गोलपोस्ट_मागे:
लिंबूटिंबूंबद्दल. 2018 वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत लेवांडोव्स्कीचे 16 गोल आणि सौदीच्या अल-सहलावीचेही 16. पण अल-सहलावीचे आठ गोल एकट्या तिमोर-लेस्तेविरुद्धचे, 7-0 आणि 10-0 अशा दोन सामन्यांत. म्हणून लेवांडोव्स्की थोर म्हणावा, तर प्रत्यक्ष वर्ल्ड कपमध्ये दोघांचीही पाटी कोरी! त्यामुळे ‘सोपा गोल, अर्धा गुण’ असली भानगड करू नका. कोणता संघ दुबळा, हे ठरवता ठरवता दशक संपेल. मूळ क्रमवारी नुसत्या गोलांवर ठेवा आणि शेजारी तीन रकाने द्या: सामने, पेनल्टी, मुख्य स्पर्धेतले गोल. वाचणारा काय ते समजून घेईल. आकडे समान आले तर कमी सामने खेळलेला वर.

खडूची_रेघ:
शीर्षकात ‘पुरुष’ लिहा, नाहीतर यादीच चूक. महिला फुटबॉलमध्ये कॅनडाच्या क्रिस्टिन सिंक्लेअरने 29 जानेवारी 2020 रोजी अमेरिकेच्या ॲबी वॉम्बाकचा 184 गोलांचा विक्रम मोडला. रोनाल्डो तेव्हा शंभरलाही पोचला नव्हता.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. 2010 ते 2019 नक्की करतोय, ऑलिंपिक बाद, शीर्षकात ‘पुरुष’. सध्या रोनाल्डो 77, नेमार 61, मेस्सी 57, लुकाकू 52 एवढं भरलं आहे. ही अंतिम क्रमवारी नव्हे, लेवांडोव्स्की, सुआरेझ, छेत्री यांचे 2009 पर्यंतचे गोल वजा करायचेत. यूएईचा अली मबखूत आणि बाकी आशियाई मंडळीही राहिलीत. महिलांची यादी वेगळी करेन. पेनल्टीचा रकाना सोडून बाकी आज रात्री भरतो. कोणाकडे पेनल्टीचे वर्षवार आकडे तयार असतील तर इथेच टाका.