काचेला चिकटलेला फोटो ओढू नका

छपरीतला, पोथी वाचणाऱ्या आजोबांचा फोटो काचेला चिकटलाय, ओढून काढू का, असं एकानं विचारलंय. कृपा करून ओढू नका! मातीच्या भिंतीची ओल पावसाळ्यात फ्रेममध्ये शिरते, फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून काचेला धरतो. ओढला की चेहरा काचेवरच राहतो. मागचा पुठ्ठा काढा, काच कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि काचेसकट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. सीसीडी स्कॅनरच (आत भिंग-आरसे असलेला, जाडसर) शोधा, पातळ सीआयएसवाल्यात (सेन्सर काचेलगतच असलेल्या) काचेआडचं धूसर येतं. स्कॅनरची उजेड आपोआप सुधारणारी ‘ऑटो’ सोय बंद ठेवा, नाहीतर पोथीचं पान पांढरंफट्ट होऊन अक्षरं उडतात. आणि या काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरणार असाल तर पागोटं काळं दिसतं म्हणून काळंच धरू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक (लाल उजेड न टिपणाऱ्या) फिल्मवर लालही काळपटच उमटतो.