कन्सोलमध्ये डोकं खुपसण्यापेक्षा व्हीआर हेडसेट का नाही?

पेशंटजवळची:
रोबोटिक शस्त्रक्रियेत मी पेशंटच्या बाजूला असते. सक्शन, क्लिपा, उपकरणं बदलणं. समोर साधा टूडी मॉनिटर. सर्जन सर तिकडे कन्सोलला, म्हणजे रोबो चालवायच्या यंत्राला, कपाळ टेकवून तीन-तीन तास वाकलेले, केस संपली की आधी मान चोळतात. पोरं गेम खेळायला हेडसेट चढवतात, मग इथे का नको? मान वळवली की कॅमेरा वळेल. माझं काही चुकतंय का?

टाकेघाल्या:
कल्पना जुनीच आहे. १९८० च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रात स्कॉट फिशर आणि प्लास्टिक सर्जन जोसेफ रोझेन दुरून शस्त्रक्रिया करण्याचा विचार करत होते, तेव्हा त्यांच्या मनात डोक्यावरचा डिस्प्लेच होता. पुढे एसआरआय या अमेरिकन संशोधन संस्थेच्या फिलिप ग्रीनबरोबर प्रत्यक्ष यंत्र घडताना तो गळाला, मॉनिटर आणि हातात धरायचे दांडे आले.

कारण मला सिम्युलेटरवर कळलं. मानेने कॅमेरा फिरवायची सोय होती. दहाव्या मिनिटाला घाम, मग मळमळ. मान वळल्याचं कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला लगेच कळतं, चित्र मात्र मागून येतं. हेडसेटमध्ये हा उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत लागतो. इथे तर पोर्टमधून, म्हणजे शरीरावरच्या छोट्या छिद्रातून, आत गेलेला कॅमेरा यांत्रिक हाताने हलवायचा! हाताचं तसं नाही. २००१ मध्ये फ्रेंच सर्जन मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या पेशंटचं पित्ताशय काढलं, तेव्हा उशीर सुमारे १५५ मिलिसेकंदांचा होता. हात तेवढं सांभाळून घेतो, डोकं नाही घेत.

दुसरं, दा विंची या सर्जरी रोबोच्या बहुतेक मॉडेलांत हाताला ताण कळत नाही (२०२४ च्या दा विंची ५ मध्ये ती सोय आली). सुरुवातीला माझे दोरे सारखे तुटायचे. आता गाठ आवळताना मी दोऱ्याच्या कडेच्या मांसाचा रंग बघतो. पांढुरका झाला की थांबायचं. म्हणजे हाताचं काम डोळा करतो. हेडसेट तेवढेच पिक्सेल नजरभर पसरवतो, मग ती बारीक कड पुसट होते.

मानदुखी:
मधला मार्ग आहे की. व्हर्सियस, ह्यूगो या दुसऱ्या रोबोंचे कन्सोल उघडे असतात, थ्रीडी चष्मा घालून ताठ बसायचं. सेनहान्स या रोबोमध्ये तर कॅमेरा नजरेमागे जातो. टीमशी तोंडावर बोलता येतं, हे मला मानेपेक्षाही मोलाचं वाटतं. मॉनिटरसमोरून बाजूला सरकलं की चित्रातली खोली (डेप्थ) बिघडते, एवढंच.

पेशंटजवळची:
म्हणजे हेडसेट फक्त सरावापुरता?

टाकेघाल्या:
सरावाला उत्तमच. पण खरी गरज तुम्हाला आहे. आम्हाला खोली दिसते, तुम्ही मात्र सपाट चित्रावर क्लिप लावता.

पेशंटजवळची:
सर, मग माझ्या डोक्यावर येणारा रोबोचा हात मला कोण दाखवणार? आरपार दिसणारा असेल तरच द्या.