हॉस्पिटलचा हिशोब आणि सरकारी पैसा

हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी घेतली की आरोग्य खात्याचं अर्थकारण आपोआप कळतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. सरकारी पैशाची वाटच वेगळी: अंदाजपत्रक, लेखाशीर्ष (कुठला पैसा कशासाठी, याचा ठरलेला रकाना), विधानसभेची मंजुरी, निविदा, शेवटी कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं, लेखापरीक्षण. ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली तरतूद संपते. सरकारी इस्पितळात औषध मिळालं नाही की लोक डॉक्टरांवर चिडतात, पण खरी गाठ बरेचदा याच वाटेवर कुठेतरी बसलेली असते.

आपल्या गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाच घ्या. २०१६ पासून तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, त्याहून मोठ्याला ४ लाखांचं आरोग्य विमा संरक्षण. कुठल्या शस्त्रक्रियेला किती दर द्यायचा, इस्पितळांची बिलं कशी तपासायची, हे कळणारी माणसं घडवायला नकोत का?

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. मध्ये जेमतेम काही किलोमीटर. दोघांनी मिळून हे सगळं शिकवणारा अभ्यासक्रम काढावा, आणि नोकरीतले लेखापाल व वैद्यकीय अधिकारी एकाच वर्गात बसवावेत. संध्याकाळचे वर्ग असतील तर पहिला अर्ज माझा.