मैफलीत तंबोऱ्याला क्लिप-ट्यूनर लावून ठेवावा का?

जोडतार यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली सहा वर्षे मी गुरुजींच्या मागे तंबोऱ्याच्या साथीला बसतो. त्यांची पट्टी (गाण्याचा मूळ षड्ज) काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. मागच्या महिन्यात एका सभागृहात तयारीला जेमतेम दहा मिनिटे मिळाली आणि शेजारी तबला मिळवणे चालू असल्याने तारेचा नाद कानापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून खुंटीला क्लिप-ट्यूनर (सूर बरोबर लागला की हिरवा दिवा दाखवणारा चिमटा) अडकवून मी चारही तारा हिरवा दिवा लागेपर्यंत लावल्या. पडदा उघडला, गुरुजींनी षड्ज लावला आणि लगेच मागे वळून पाहिले. तंबोरा पेटीशी जुळत नव्हता आणि जोडीच्या, म्हणजे षड्जाला लावलेल्या मधल्या दोन तारासुद्धा एकमेकींत मिसळत नव्हत्या. ट्यूनर सदोष आहे की माझी वापरण्याची रीत चुकते? शिवाय मैफल चालू असताना तो तंबोऱ्यावर राहू द्यावा का?

सूत_आणि_मणी यांचे उत्तर:

ट्यूनर बहुधा ठणठणीत असावा. क्लिपमधला संवेदक हवेतला आवाज न ऐकता लाकडाचे कंपन टिपतो, त्यामुळे तबल्याच्या गलबल्यातही तो काम देतो. मात्र तो पांढरी सहा (पेटीची सहावी पांढरी पट्टी) 440 हर्ट्झ धरून चालतो आणि आपल्याकडच्या पुष्कळ पेट्या नेमक्या 440 ला नसतात. पेटी 443 ला असेल, तर 440 धरून लावलेला तंबोरा जवळजवळ 12 सेंट उतरलेला राहील (लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचे अंतर असते) आणि तयार कानाला तेवढे पुरते. म्हणून आधी पेटीवाल्यांना काळी एक धरून ठेवायला सांगावे, क्लिप पेटीच्या लाकडाला लावावी आणि काटा मधोमध येईपर्यंत ट्यूनरचा 440 हा आकडा वरखाली करावा. खुंटीला हात त्यानंतर घालावा.

जोडीचे दुखणे वेगळे आहे. हिरवा दिवा एका बिंदूवर नव्हे, तर थोड्या पट्ट्यात लागतो. समजा, एक तार 2 सेंट चढी आणि दुसरी 2 सेंट उतरी राहिली, तर दोन्हींना दिवा हिरवाच दिसेल. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात जोड साधारण 138.6 हर्ट्झला असते. तेथे 4 सेंटचा फरक म्हणजे सुमारे तीन सेकंदांना एक हेलकावा (नादाचा चढउतार), जो एरवी कोणी मनावर घेणार नाही. पण जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे) तंबोऱ्याचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, ठळकपणे बोलतात, आणि पाचव्या स्वरांशात तोच हेलकावा पाचपट वेगाने, म्हणजे सेकंदाला दीडहून अधिक वेळा येतो. गुरुजींनी मागे वळून पाहिले ते या हेलकाव्यामुळेही असेल. त्यामुळे जोडीची पहिली तार ट्यूनरवर लावावी, दुसरी मात्र पहिलीशी कानाने मिळवावी आणि शेवटचा केसभर फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढावा.

जवारीमुळेच काटा कधी षड्जाऐवजी पंचमावर उडी मारतो. अशा वेळी बाकीच्या तारा हाताने दाबून, जवारीसाठी तारेखाली घातलेले सूत घोडीवरून बाजूला सारून हळुवार छेड दिली, तर काटा बराच स्थिर राहतो. सूत पुन्हा जागेवर आणल्यावर एकवार ऐकून घ्यावे.

एरवी पंचमाला लावतात त्या पहिल्या तारेबद्दलही सांगतो. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग धरतो. शुद्ध पंचम त्यापेक्षा फक्त 2 सेंट चढा असल्याने पंचमात सहसा भागून जाते. पूरिया किंवा मारवा या रागांसाठी ती तार निषादाला लावली, तर मात्र षड्जाशी 15:8 या प्रमाणातला निषाद ट्यूनरच्या निषादापेक्षा 12 सेंट खाली येतो. तेथे हिरव्या दिव्यामागे गेलात, तर निषाद चढा लागेल. खर्जातून (खालच्या षड्जाच्या शेवटच्या तारेतून) आपोआप उमटणारा गंधारही ट्यूनरच्या गंधाराहून सुमारे 14 सेंट उतरा असतो, आणि तो उमटला की तंबोरा लागला असे आपण म्हणतो.

ख्यालगायिका यांचे उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापुरते माझे मत असे की, पडदा उघडण्यापूर्वी क्लिप काढून ठेवावी. मागच्या तंबोऱ्यावर लुकलुकणारा दिवा श्रोत्यांना दिसतो, हे एक वेळ चालवून घेता येईल. पण साथीदाराचे डोळे सारखे तेथे जाऊ लागले, की छेडीची लय बिघडते आणि गाणाऱ्याच्या पाठीला ते तत्काळ कळते. दोन तंबोरे असतील, तर एक पूर्ण लावून दुसरा त्याच्याशी मिळवावा; दोन्ही स्वतंत्रपणे ट्यूनरवर लावू नयेत.

मेंडोलिनवाला यांचे उत्तर:

मी सुगम संगीताच्या वाद्यवृंदात मेंडोलिन आणि गिटार वाजवतो. आमच्याकडे कीबोर्ड 440 ला आणि बारा समान भागांतच असतो, त्यामुळे वरची बरीचशी कुरकुर आम्हाला लागू होत नाही. क्लिप आमच्या वाद्यांवर शेवटपर्यंत असते. रंगमंचाच्या दिव्यांनी तारा तापून उतरतात, म्हणून निवेदन चालू असताना वाद्याचा आवाज बंद करून मी मेंडोलिनच्या आठही तारा तपासतो. क्लिप डोक्याच्या मागच्या बाजूला लावून पडदा स्वतःकडे वळवला, की प्रेक्षकांना काही दिसत नाही. मोठ्या बास स्पीकरजवळ बसलात, तर मात्र त्याची थरथर लाकडातून शिरते आणि काटा भरकटतो. आणखी एक, क्लिप तशीच ठेवून वाद्य त्याच्या खोक्यात घालू नये. तिच्या रबराचा डाग काही पॉलिशवर कायमचा उमटतो. माझ्या जुन्या गिटारवर तो आहे.

जोडतार:

सर्वांचे मनापासून आभार. काल पेटीला क्लिप लावून पाहिले; ती 442 ला निघाली. जोडीची दुसरी तार डोळे मिटून लावली आणि सवय नसल्यामुळे तिलाच दहा मिनिटे लागली, तेव्हा पुढच्या वेळी सभागृहाकडे अर्धा तास मागून घेणार आहे. गुरुजी रविवारी पूरिया गाणार आहेत. घरी निषाद कानाने लावून मग क्लिप अडकवली, तर काटा मध्याच्या डावीकडे थांबला. तो तसाच ठेवला आहे.