मदत हवी आहे: काचेच्या ग्लासांतून सप्तक कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनात घरच्या घरी जलतरंग करून दाखवायचं तिनं ठरवलंय. आठ सारखे ग्लास घेतले, पहिला रिकामा ठेवला आणि पुढच्या प्रत्येकात पट्टीनं मोजून एकेक सेंटीमीटर पाणी वाढवलं. पेन्सिलीनं वाजवल्यावर पहिले तीन-चार जवळपास एकाच सुरात बोलतात आणि काठापर्यंत भरलेले एकदम खाली उतरतात. सारेगम काही जमेना. वरचा सा धरला तर खालचा मिळतच नाही.

शिवाय बाटलीत पाणी घालून तोंडावर फुंकर मारली तर उलटंच होतं, पाणी वाढलं की सूर चढतो! परीक्षकांनी विचारलं तर काय सांगायचं?

प्रतिसाद:
ताई, इथे सेंटीमीटरचा उपयोग नाही. ग्लास वाजवला की त्याची भिंत थरथरते. काठाशी सर्वांत जास्त, तळाशी जवळजवळ नाहीच. त्यामुळे तळाच्या पाण्यानं सूर फारसा हलत नाही. काठाजवळचं पाणी मात्र भिंतीबरोबर हलतं, तिच्यावर ओझं होतं, कंपनं मंदावतात आणि सूर उतरतो.

फोनवर ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं अ‍ॅप, घ्या आणि हर्ट्झ (सेकंदाला किती कंपनं) बघून लावा. समजा सा ९६० वर मिळाला, तर शुद्ध स्वर असे: रे १०८०, ग १२००, म १२८०, प १४४०, ध १६००, नी १८००, वरचा सा १९२०. पाणी थोडं कमीच भरा, मग ड्रॉपरनं घालत सूर खाली आणा.

एकाच मापाच्या ग्लासांतून अख्खं सप्तक निघणं कठीण. जलतरंगवादकही चिनीमातीची लहान-मोठी भांडी घेतात, पाणी फक्त सूर नेमका लावायला. मी तर म्हणेन सातचा हट्टच सोडा. भूप राग लावा: सा रे ग प ध, पाच ग्लासांत काम होतं आणि ऐकायलाही गोड. ग्लास एकमेकांना टेकू देऊ नका, आवाज बसतो.

प्रतिसाद:
बाटलीचं कोडं सोपं आहे. फुंकर मारल्यावर काच नाही, आतली हवा कंप पावते. पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते, म्हणून सूर चढतो. तीच बाटली चमच्यानं वाजवा, सूर उतरलेला मिळेल. प्रदर्शनात हेच दोन्ही शेजारी दाखवा, सारेगमपेक्षा यात जास्त विज्ञान आहे.

पातळ काचेचा, दांडीचा ग्लास मिळाला तर काठावर ओलं बोट फिरवूनही बघा. बोट साबणानं धुतलेलं हवं, तेलकट असेल तर घसरतं नि ग्लास गप्प राहतो. बेंजामिन फ्रँकलिननं १७६१ मध्ये याच तत्त्वावर वाद्य केलं होतं: एका दांड्यावर ओवलेली, फिरणारी काचेची भांडी. पाणी भरायचं नाही, प्रत्येक भांड्याचा आकारच सुरानुसार.

धागाकर्ती:
खूप आभार! भूपच करतो, बाटलीसकट. आदल्या रात्री भरून ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद:
नको. पाणी उडून सूर थोडा चढेल, आणि रिक्षात सांडेल ते वेगळंच. बाहेरून मार्करनं रेघा मारा, रिकामे ग्लास न्या, तिथेच भरा. ड्रॉपर विसरू नका.